गरम कमान वाजते

११ जानेवारी

मेहुणेबुवा,

तुझं कार्ड पोचलं. चारच ओळी, आणि त्यात दोनदा ‘आपण’. बायकोचा धाकटा भाऊ दाजीला ‘आपण’ म्हणायला लागला की ओळखावं, राग गेलेला नाही, नुसता धुऊन इस्त्री करून ठेवलाय. मी मात्र ‘तू’च म्हणणार. तुझ्या बहिणीला पाहायला आलो तेव्हा दाराआडून मला वाकुल्या दाखवणारा तू. तुला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही.

कार्डात मागणी एकच: ‘मुलाला पाठवून द्यावे.’ अरे, टिचक्याला मी काय खुंटीला बांधलंय? अठ्ठावीस वर्षांचा बाप्या आहे. मी कार्ड त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, “बापाचं बोलावणं आहे. पत्र्याच्या कारखान्यात जागा आहे म्हणे. पंख्याखाली उभं राहायचं, पत्रे मशीन काढतं, आपण नुसतं बघायचं. जातोस?” त्यानं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, “आतोबा, तिथं सगळे पत्रे एकाच आवाजात वाजतात. मी तिथं करू काय?”

हे मी पढवलेलं नाही. पण ऐकून छाती फुगली हे कबूल.

तू गेल्यापासून दोन्ही भट्ट्यांचा माल तोच निवडतो. ओट्यावर मांडी घालून बसतो, कौल डाव्या हाताच्या तीन बोटांवर अलगद तोलतो आणि उजव्या हातानं टिचकी. खणखणलं की पहिला ढीग. जरा आवाज पडला की दुसरा. बद्द वाजलं की मागच्या खड्ड्यात. तू ठेवलेलं नाव आता कागदावरच आहे. गिऱ्हाइकंसुद्धा गेटातून टिचक्या कुठाय विचारत येतात. त्याच ओट्यावरून मी उठलो आणि मालकाच्या खुर्चीत बसलो, तेव्हा त्या जागेला कमी लेखू नकोस.

पत्र्यात राहून तू विसरला असशील म्हणून आठवण देतो. मी हातगाडीवर कौलं विकत दारोदार हिंडायचो तेव्हा लोक रंग बघून माल घ्यायचे. लाल दिसलं की चांगलं. मग कुणाकुणाची कच्ची भाजलेली लाल कौलं लोकांच्या घरांवरच चिखल झाली आणि सगळ्या कौलवाल्यांना एका माळेत शिव्या पडल्या. तेव्हा दारोदारी उभं राहून कोणी शिकवलं? “वहिनी, डोळ्याला फसवता येतं, कानाला नाही. वाजवून घ्या!” बघता बघता अख्खं गाव वाजवायला लागलं. ज्यांची कौलं वाजत नव्हती त्यांच्या भट्ट्या बसल्या, माझी उभी राहिली. आजही इथले लोक टरबूज वाजवतात, माठ वाजवतात, किडली नाही ना म्हणून दाराची फळी वाजवतात. कान गावाचा, शिकवणी माझी.

राहिला आपल्या भांडणाचा विषय. मोठ्या भट्टीच्या छताची विटांची कमान उतरवून नवी बांधायला तू सांगितलंस, मी नाही म्हटलं, तू आवाज चढवलास आणि माझ्या तोंडून ओट्यासमोर ‘बहिरा’ निघालं. निघालं ते निघालं. भट्टीच्या पंख्यापाशी आयुष्य काढून तुझा डावा कान गेला, उजवा अर्धा राहिला, हे काय मी शोधून काढलं होतं? पण पोरं हसली, आणि तुला ते लागलं. मालकानं हसू आवरायला हवं होतं, इतकं मी समजतो.

हा ढीग संपला की टिचक्याला चार दिवस तुझ्याकडे धाडतो. चार दिवस. कायमचा नाही.

तुझा दाजी

२ मार्च

मेहुणेबुवा,

ढीग अजून संपला नाही. म्हणजे एक संपतो तोवर दुसरा लागतो. आवारात आता चालायला वाट काढावी लागते, दुसरं काही नाही.

आज एक शाळेतली बाई आली. नीटनेटकी, हातात छत्री, बोलणं मोजूनमापून. मी नेहमीप्रमाणे पहिल्या ढिगातलं कौल तिच्या हातात दिलं. “बाई, वाजवून बघा.” तिनं परक्याच्या मुलाच्या गालाला हात लावावा तशी टिचकी मारली.

“छान वाजतं.”

“मग कधी पाठवू गाडी?”

“नाही, मी विचारायला आले होते, जुनी कौलं तुम्ही परत घेता का? आमची उतरवतोय. पत्रा घालतोय आम्ही.”

मी म्हटलं, “पत्रा वाजतो तरी का, बाई?”

ती म्हणाली, “काका, घरावर चढून वाजवणार कोण आहे?”

टिचक्या हसला, मीही हसलो. उत्तर चोख होतं, चोख मालाला मी नावं ठेवत नाही. पण बाई गेली आणि ते वाक्य दिवसभर दातात अडकलेल्या शेंगेच्या टरफलासारखं टोचत राहिलं.

मग स्वतःची समजूत घातली. पत्रा काय आज आलाय? आपण तरणे होतो तेव्हाही आला होता. तेव्हाही लोक असेच उड्या मारत गेले. गंजला, चाळण झाली, आणि मान खाली घालून परत माझ्या ओट्याशी आले. तोवर बाकीच्या कौलवाल्यांनी भट्ट्या निवू दिल्या होत्या, माणसं पांगली होती, पुन्हा पेटवायला ना जळण ना हात. माझी एकट्याची गरम होती. त्या वर्षाच्या कमाईत तुझ्या बहिणीला हे घर बांधलं. जगानं एवढा मोठा धडा शिकवला असताना मी तो विसरू?

म्हणून आता दोन्ही भट्ट्या सलग चालू आहेत. पूर्वी माल भाजून झाला की भट्टी पार निवेपर्यंत थांबायचो, मग माल काढायचा, मग भरायचा. ती वाट बघणं मी काढून टाकलं. माल गरम असतानाच काढायचा, अंगावर ओली पोती घेऊन. लगेच नवा भरायचा आणि पेटवायचं. विझलेली भट्टी पुन्हा तापवण्यातच निम्मं जळण जातं, ते वाचतं, आणि तेवढा भाव मी उतरवू शकतो. पोरांकडून पाठच करून घेतलंय. सकाळी ओट्यावरून मी हाक देतो, “भट्टी?” आणि सगळी एका दमात ओरडतात, “निवणार नाही!” रस्त्यावरची माणसं वळून बघतात.

आणि हो, कमानीची काळजी करू नकोस. रोज पेटवण्याआधी टिचक्या शिडीवर चढून लाकडी हातोडीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून बघतो. मी खालून ऐकतो. घंटेसारखी वाजते.

तुझी अक्का विचारते, तिकडे जेवणाचे हाल होतात का? मी म्हटलं, पत्र्याच्या डब्यात जेवत असेल.

दाजी

२० एप्रिल

मेहुणेबुवा,

दोन कागद, पाठपोट! तुझं स्वतःचं लग्न ठरल्याचं कळवलंस तेव्हाही तू एवढं लिहिलं नव्हतंस.

मी काही लपवून ठेवणारा माणूस नाही. दुपारी डबे उघडले तेव्हा ओट्यावर उभा राहून मी तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘गरम विटा फुगतात. कमानीत फट असेल तर ती फुगल्यामुळे मिटते. मिटलेली फट वाजवून कळत नाही. गरम कमान नेहमीच चांगली वाजेल. महिन्यातून एकदा तरी भट्टी पूर्ण थंड करा आणि मग वाजवा. मी बांधली आहे, मला ठाऊक आहे.’ शब्द न् शब्द.

आपला जळणवाला म्हातारा घास हातात धरून म्हणाला, “मालक, बहिऱ्यानं वाजवायला शिकवायचं म्हणजे आंधळ्यानं साडी निवडायची.” झालं, आवार हसून लोळलं. दुसरा म्हणाला, “पत्रेवाल्यांनीच लिहून घेतलं असेल. भट्टी निवली की त्यांचंच भलं.” हे मात्र मला पटलं. तू ज्यांचं मीठ खातोस त्यांना माझी भट्टी थंड हवीच आहे. तू मुद्दाम करशील असं मी म्हणत नाही. पण माणूस ज्या दुकानात बसतो त्या दुकानाच्या खिडकीतून त्याला रस्ता दिसतो.

टिचक्याही हसला. सगळ्यांच्या नंतर हसला, पण हसला.

संध्याकाळी मात्र माझ्यामागे घरापर्यंत आला. “आतोबा, एकदा निवू देऊन बघितली तर?”

“कशासाठी?”

“बाबांनी बांधलीय ती.”

“आणि ऐकतं कोण? तू. आजवर तुझा कान कधी चुकलाय?”

“नाही.”

“मग?”

त्याच्या कानाची स्तुती केली की तो गप्प होतो, हे मला माहीत आहे.

एक गंमत सांगतो. पत्र्याचा खोटेपणा सिद्ध करायला मी एक तुकडा आणून परसात मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलाय. हिरवा रंग दिलेला, तुमच्याच कारखान्याचा. रोज सकाळी दात घासता घासता बघतो. अजून गंज धरलेला नाही. तुझी अक्का म्हणते, “अहो, त्या बिचाऱ्या बादलीला तरी सोडा, मला धुण्याला लागते.” मी म्हटलं, धीर धर. मागच्या वेळीही लगेच गंजला नव्हता.

टिचक्याला पाठवायचं लक्षात आहे. पण त्याच्याशिवाय कमान कोण ऐकणार, सांग?

दाजी

१४ जून

मेहुणेबुवा,

मधे लिहायला सवड झाली नाही. जळणाच्या गाड्या घाटाखाली अडकल्या होत्या, रस्ता खचला. होतं नव्हतं ते जळण धाकट्या भट्टीला घातलं आणि मोठी नाइलाजानं निवू द्यावी लागली. आता गाड्या आल्या, सगळं सुरळीत आहे.

निवली तेव्हा टिचक्यानं कमान वाजवून घेतली. तुझा हट्ट होता तो अनायासे पुरा झाला. एका जागी जरा ओल धरली होती, मधोमध. ओलसर वीट जरा वेगळी बोलतेच. पेटवल्यावर ओल उडाली, पुन्हा वाजवली, लख्ख. तेव्हा विषय संपला.

विक्री मंद आहे हे तुला तिकडे बसूनही कळत असेल, कारण आमचं मंद ते तुमचं तेज. पण मंदी मी पाहिलेली आहे. मंदीत घाबरतो तो मरतो, हे मी पोरांना रोज सांगतो. कुणी सोडून गेलेलं नाही. पगार थोडा मागेपुढे झाला तरी कुणी चकार शब्द काढत नाही. त्यांनाही ठाऊक आहे, गिऱ्हाईक परत येणार तेव्हा गरम भट्टी एकट्या आपलीच असणार.

बादलीतला तुकडा अजून तसाच. मीठ कमी पडलं असेल, वाढवलंय.

पाकीट चिकटवायला तुझ्या अक्काकडे देतो.

दाजी

*ता. क. बाळ्या, मी लिहितेय. टिचक्या दोन दिवस नीट जेवला नाही. विचारलं तर म्हणतो काही नाही गं आत्या. ताटाच्या कडेला बोट मारत बसतो. यांना विचारलं तर म्हणतात ओल होती. कसली ओल? तू येऊन बघ. — अक्का*

२ ऑगस्ट

मेहुणेबुवा,

तू आलास, उभा राहिलास, सगळं आटोपल्यावर अक्काचा हात धरलास आणि गेलास. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पाहिलं असतंस तर मी काय केलं असतं, मलाही ठाऊक नाही. अक्कानं जाताना चुलीवरचं दूध तसंच ठेवलं. ऊतू जाऊन सगळं जळलं, वास अजून स्वयंपाकघरात आहे. ती माझं पत्र हातात घेणार नाही, म्हणून तुलाच लिहितो.

आवारातली माणसं येऊन बसतात. कुणी काही, कुणी काही सांगत असतं. जळणवाला म्हातारा आला नाही, त्याचा पाय अजून लाकडाच्या चौकटीत आहे. तोही टिचक्याच्या मागोमाग पोती अंगावर घेऊन माल काढायला आत गेला होता. कमान बसली तेव्हा दाराजवळ होता म्हणून वाचला. टिचक्या मधोमध होता.

गावात काय बोलतात तेही ऐकलं. माझे कान, तुला ठाऊक आहे, भिंतीपलीकडचं ऐकतात. कौलांनी माणूस मारला, असं म्हणतात. भट्टीची कमान वेगळी आणि घरावरचं कौल वेगळं, हे कोण कुणाला सांगणार? ज्यांनी कौलं ठेवली होती तेही आता उतरवतायत. आमच्या गल्लीत परवा दोन घरांवरची उतरवली. लेकरं झोपतात हो खाली, असं त्या घरातली बाई म्हणत होती. कच्च्या कौलांच्या वेळी लोक एकदा काहीतरी शिकले होते, आता पुन्हा काहीतरी शिकले. मी तेव्हा दारोदार हिंडून शिकवलं होतं. आता कुणी हिंडायची गरज पडली नाही. आपोआप शिकले.

आणि आवारातले म्हणतात, त्या दिवशी टिचक्याचा कान चुकला. एवढा चांगला कान, पण एकदा चुकला. हळहळून म्हणतात, वाईट मनानं नाही. मी ऐकून घेतलं.

पत्र्याचा तुकडा बादलीतून काढला. हिरवा तो हिरवाच. बादली धुऊन परसात उपडी ठेवलीय, अक्का आली की लागेल.

दाजी

१९ ऑगस्ट

बाळ्या,

‘मेहुणेबुवा’ लिहायला बसलो आणि हात थांबला. अक्का तुला बाळ्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो. रागावलास तर रागाव.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. त्याच्याही आधीच्या पत्रात लिहिली, पण ओलीखाली झाकून. आज सरळ लिहितो.

जूनमध्ये मोठी निवली त्या सकाळी टिचक्या शिडीवर होता, मी खाली. ठोकत ठोकत मधे आला. टक, टक, टक, आणि मग बद्द. त्यानं पुन्हा ठोकलं. बद्द. पुढे सरकला, पुन्हा खणखणीत. परत मागे आला. बद्द. खाली माझ्याकडे बघून म्हणाला, “आतोबा, बाबा बरोबर होते.”

मीही ऐकलं, बाळ्या. माझा कान उत्तम आहे. हातगाडीपासून इथवर त्या कानानं आणलं. तो आवाज मी खालून, उभ्या उभ्या, तुझ्या मुलाइतकाच स्वच्छ ऐकला. आणि मी म्हटलं, “ओल आहे. पेटवून बघू.”

तो म्हणाला, “ओल अशी नाही बोलत.”

मी म्हटलं, “पेटवून बघू. गरम झाल्यावर वाजली नाही तर कमान उतरवू, माझा शब्द.”

पेटवली. गरम झाल्यावर आम्ही दोघांनी ऐकली. खणखणीत. सगळ्यांसमोर मी त्याच्या पाठीवर थाप मारली. “बघ, ओलच होती!” पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून कमान ठोकायला चढताना मला खाली उभं राहू देईना. म्हणाला, “तुम्ही नका थांबू आतोबा, मी बघतो.” मला वाटलं, धग लागू नये म्हणून म्हणतोय. त्याचा त्या आवाजावर विश्वास राहिला नव्हता आणि माझ्या चेहऱ्याकडे त्याला बघवत नव्हतं, हे मला आता कळतं. आणि तरी माल काढायला सगळ्यांच्या पुढे तोच जायचा. जायचं कुणाला तरी होतंच. मग ज्याला ठाऊक आहे त्यानं पुढे व्हावं, असं त्यानं ठरवलं असावं. तुझा मुलगा होता तो.

त्याचा कान चुकला नव्हता. हे मी ओट्यावर उभं राहून सांगितलं, परवा. जसं तुला लिहिलंय तसंच सांगितलं. कुणी मान वर केली नाही. मग जळणवाल्या म्हाताऱ्याचा मुलगा उठला, माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, “मालक, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. माणूस गेलं की असं वाटतं.” मला पाणी दिलं.

आता ज्यासाठी लिहितोय ते. धाकटी भट्टी अजून गरम आहे. दोन्ही तूच बांधल्यास, एकाच वर्षी, त्याच विटांनी. जूनमध्येही तिला आम्ही निवू दिलं नव्हतं. सगळ्यांसमोर मी सांगितलं, निवू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी बघतो तर जळण पडतंय. मी ओरडलो. ते हळू आवाजात बोलतात माझ्याशी, आजाऱ्याशी बोलावं तसे. “मालक, तुम्हीच शिकवलंत ना, घाबरतो तो मरतो. आम्ही आहोत. तुम्ही विश्रांती घ्या.” मी जळण आणणं बंद केलं, तर जुने साचे, मोडक्या फळ्या, एकानं तर घराची पडकी चौकट आणून टाकली. गेटाला कुलूप लावलं, तर मागच्या भिंतीवरून आले. चोरी करायला नव्हे, माझी भट्टी वाचवायला! पाणी ओतलं तर गरम कमान तिथल्या तिथे बसेल, हे तूच कधी तरी सांगितलं होतंस, म्हणून तेही करवत नाही.

म्हाताऱ्याच्या मुलाला मी हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “मालक, आता भट्टी निवली तर टिचक्या फुकट गेला.”

मी म्हटलं, “अरे, गरम कमान खोटं बोलते. बाळ्यानं लिहिलं होतं, आपण हसलो होतो.”

“मग तुमच्या कानानं ऐका,” म्हणाला, आणि शिडीवर चढला. टिचक्याचीच हातोडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

बाळ्या, खणखणीत वाजली. मला सगळं ठाऊक असून, माझ्या हातानं पोर मातीत घालून आल्यावर, तरी माझ्या कानाला ती खणखणीतच वाटली. आणि माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण सगळे खूष झाले.

सोमवारी माल काढायला आत जाणार आहेत. म्हाताऱ्याचा मुलगा पुढे असणार, त्यानं आपणहून मागून घेतलंय. मी दारात आडवा पडेन, पण मला माहीत आहे, ते मला उचलतील आणि सावलीत नेऊन ठेवतील, फार जपून. मी त्यांना शिकवलंय, म्हणून माझं ते ऐकणार नाहीत. पोलीस बोलवावे तर सांगू काय? सगळे म्हणतील मालकाला भ्रम झालाय, भट्टी तर वाजते.

तू ये. माझा मेहुणा म्हणून नको, पत्र्याच्या कारखान्यातला म्हणून तर मुळीच नको, त्यावर ते हसतील. टिचक्याचा बाप म्हणून ये आणि भट्टीच्या तोंडाशी नुसता उभा राहा. तुझ्या अंगावरून आत जायची हिंमत त्यांना होणार नाही. काही बोलूही नकोस. बोलणं मी खूप केलं. आल्यावर मला जे करायचं ते कर, मी मान खाली घालून उभा राहीन. पण सोमवारच्या आत ये. अक्कालाही आण. म्हाताऱ्याच्या बायकोला ती चांगली ओळखते, तिला सांगून पोराला अडवेल.

खिडकीतून ओटा दिसतो. सकाळची वेळ आहे, सगळे जमलेत. ओट्यावर माझ्या जागी म्हाताऱ्याचा मुलगा उभा आहे. मी हाक द्यायचो तशी त्यानं आता हाक दिली, “भट्टी?” आणि सगळे एका दमात, टिचक्यासाठी थोडं जास्तच जोरात, ओरडले,

“निवणार नाही!”

दाजी